सिनेमातला रोल नेमका कोण देतं? जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींनी समजून घ्यावं असं कास्टिंगचं गणित

'मराठी वेबसिरीजसाठी नवीन चेहरे हवेत. वय ५ ते ५०. अनुभवाची गरज नाही. ऑडिशन रविवारी, हॉटेलच्या हॉलमध्ये. रजिस्ट्रेशन फी आवश्यक.'

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, चाळीसगाव कुठेही राहत असाल, तरी असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा तरी आला असेल. हौस प्रत्येकाला असते, त्यामुळे लोक जातातही. फी भरतात, फोटो देतात, दोन संवाद म्हणतात आणि पुढे फोन येतच नाही.

अशा वेळी खरं-खोटं ओळखायचं असेल, तर आधी खरं कास्टिंग कसं होतं ते माहीत हवं.

कास्टिंग डायरेक्टर म्हणजे कोण?

सिनेमातल्या प्रत्येक भूमिकेसाठी योग्य माणूस शोधून दिग्दर्शकासमोर आणणारा माणूस म्हणजे कास्टिंग डायरेक्टर. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तो रोल 'देत' नाही, तो नावं सुचवतो. शेवटचा निर्णय दिग्दर्शक आणि निर्माता घेतात. ओटीटीसाठी काम असेल तर प्लॅटफॉर्मचंही मत असतं. त्यामुळे 'रोल माझ्या हातात आहे' असं कुणी पहिल्याच भेटीत सांगत असेल, तर तिथेच सावध व्हावं.

भारतात हे काम वेगळा पेशा म्हणून तसं उशिरा रुजलं. पूर्वी दिग्दर्शक, त्याचे सहायक आणि कलाकार पुरवणारे कोऑर्डिनेटर हेच ते करायचे. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटासाठी भारतातल्या कास्टिंगमध्ये डॉली ठाकोर यांचा मोठा वाटा होता. १९९४ च्या 'बँडिट क्वीन'चं कास्टिंग तिग्मांशू धुलिया यांनी केलं. रंगभूमीवरचे अनोळखी कलाकार त्यात मोठ्या संख्येने दिसले. पुढे मुकेश छाब्रा यांच्या 'गँग्ज ऑफ वासेपूर' (२०१२) आणि 'दंगल' (२०१६) सारख्या कामांमुळे हे नाव सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचलं. 'थ्री इडियट्स'चं कास्टिंग रोहन मापुसकर या मराठी माणसाचं. आता तर ऑस्करमध्येही २०२५ च्या चित्रपटांपासून कास्टिंगसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे.

निवड होते कशी?

ढोबळमानाने टप्पे असे असतात.

१. पटकथेची फोड. कास्टिंग टीम पटकथा वाचून भूमिकांची यादी करते. वय, अंगकाठी, भाषा, आर्थिक परिस्थिती, एखादं कौशल्य (पोहणं, कुस्ती, बाइक चालवणं) असं सगळं लिहिलं जातं.

२. शोध. आधी टीमकडच्या प्रोफाइल पाहिल्या जातात. मग नाटकं, एकांकिका स्पर्धा, अभिनयाच्या संस्था, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम.

३. ऑडिशन. कलाकाराला छोटा सीन पाठवतात. सुरुवातीला नाव, वय, उंची, शहर सांगायचं, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवायच्या आणि मग सीन करायचा. कोरोनानंतर घरूनच मोबाइलवर शूट करून पाठवायची 'सेल्फ टेप' नेहमीची झाली आहे.

४. शॉर्टलिस्ट. शेकडो टेपमधून मोजकी नावं दिग्दर्शकाकडे जातात. काहींना पुन्हा बोलावून तोच सीन वेगळ्या पद्धतीने करायला सांगतात. सूचना ऐकून कलाकार स्वतःत बदल करतो का, हे इथे कळतं.

५. लूक टेस्ट. कपडे, मेकअप करून पाहणं. नायक-नायिका किंवा आई-मुलगा एकत्र शोभतात का, हेही तपासलं जातं.

६. तारखा, मानधन, करार. हे सगळं जुळलं की नाव 'लॉक' होतं.

म्हणजे नकार आला की अभिनय वाईटच होता, असं नाही. बऱ्याचदा उंची जुळत नाही, तारखा जमत नाहीत किंवा पडद्यावरच्या बहिणीशी चेहरा मिळत नाही, म्हणूनही नाव गळतं.

ऑडिशनच्या रांगेबाहेरून आलेले

खानदेशाचं सर्वात मोठं उदाहरण स्मिता पाटील यांचं. घराणं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं, जन्म १९५५ मध्ये पुण्याचा. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या वाचायच्या. तिथेच त्या श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरल्या. आधी 'चरणदास चोर', मग 'निशांत', 'मंथन' आणि १९७७ चा 'भूमिका', ज्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बातम्या वाचणारा चेहरा पाहून त्यात अभिनेत्री दिसणं, हेच कास्टिंगचं खरं कसब.

नागराज मंजुळे यांनी हाच शोध थेट गावात नेला. 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातल्या केम गावचा, हलगी वाजवणारा मुलगा. 'सैराट'ची रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी, तर आकाश ठोसर कुस्ती खेळणारा. 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्त्यांमधली मुलं दिसली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय गायकाची भूमिका आदित्य मोडक यांनी केली. ते खरोखरच शास्त्रीय गायक आणि शिवाय चार्टर्ड अकाउंटंट.

या सगळ्यात एक समान धागा आहे. भूमिकेला जे हवं ते या माणसांकडे आधीपासून होतं. चालणं, बोलणं, सूर, मातीत लोळायची सवय. अभिनय शिकवता येतो, पण या गोष्टी महिनाभरात शिकवणं अवघड असतं.

मात्र याचा अर्थ 'शिकायची गरजच नाही' असा काढू नये. निवडीनंतर या मुलांकडून भरपूर तालमी करून घेतल्या जातात. आणि बहुतेक भूमिका आजही सराव असलेल्या कलाकारांकडेच जातात. 'स्कॅम १९९२'चे प्रतीक गांधी लोकांना 'अचानक' दिसले, पण त्याआधी ते अनेक वर्षं गुजराती रंगभूमीवर काम करत होते.

धुळ्याच्या शेजारचं वेगळं मॉडेल

धुळ्याहून साधारण ५० किलोमीटरवरच्या मालेगावात कास्टिंग डायरेक्टर नावाची भानगडच नव्हती. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'साठी यंत्रमागावर काम करणारा, अंगाने अगदी किरकोळ असलेला शफीक शेख सुपरमॅन झाला. त्याची ती काडीसारखी अंगकाठी हाच विनोद होता. या धडपडीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' प्रदर्शित झाला. त्यात नासिर यांची भूमिका आदर्श गौरवने, तर शफीकची शशांक अरोराने केली.

आज अहिराणी गाणी आणि खानदेशी कॉमेडी व्हिडिओ यूट्यूबवर जोरात चालतात. तिथेही निवड अशीच होते. ओळखीतला, बोली येणारा आणि वेळेवर येणारा माणूस. हे काम कमी समजू नये. कॅमेऱ्याची सवय इथेच होते आणि दाखवायला काम तयार होतं.

अहिराणी अडचण की ताकद?

अनेक मुलांना वाटतं, आपल्या बोलण्यात अहिराणी किंवा लेवागणबोलीचा हेल आहे, म्हणून संधी जाईल. खरं उत्तर भूमिकेवर अवलंबून आहे. पुण्यातल्या वकिलाच्या भूमिकेत हेल अडचणीचा ठरेल. शेतकऱ्याच्या, हवालदाराच्या भूमिकेत तोच कामाला येईल. त्यामुळे बोली सोडायची नाही, तिच्यासोबत प्रमाण मराठी आणि हिंदी साफ करायची. प्रोफाइलमध्ये भाषांच्या रकान्यात 'अहिराणी' ठळक लिहावं.

सरावासाठी लगेच मुंबई गाठायची गरज नाही. जळगाव केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, नक्कल असं सगळं करायला मिळतं. सेल्फ टेपमुळे प्रत्येक ऑडिशनसाठी जळगावहून रात्रभर रेल्वेने जायचा खर्चही कमी झाला आहे.

टेपसाठी साधे नियम पाळा. मागे साधी भिंत, चेहऱ्यावर उजेड, स्वच्छ आवाज. फोटो अलीकडचे आणि फिल्टरशिवाय. टीमला तुम्ही जसे आहात तसे पाहायचे असता.

फसवणूक ओळखायची कशी?

- ऑडिशनसाठी पैसे मागितले तर थांबा. रजिस्ट्रेशन, कार्ड, पोर्टफोलिओ, 'रोल लॉक करायची रक्कम', नाव काहीही असो. कास्टिंग टीमला पैसे निर्माता देतो, कलाकार नाही.
- मोठ्या कास्टिंग डायरेक्टरचं नाव सांगितलं, तर त्यांच्या अधिकृत पेजवर जाऊन तीच जाहिरात आहे का ते पाहा.
- हॉटेलच्या खोलीत, रात्री किंवा एकटीलाच बोलावलं तर जाऊ नका. 'भूमिकेसाठी' म्हणून खासगी फोटो किंवा व्हिडिओ मागितले तर देऊ नका.
- 'वयाची अट नाही, सगळ्यांना रोल' अशी जाहिरात संशयास्पद समजा. खऱ्या जाहिरातीत भूमिका ठरलेली असते.
- आधार, बँकेचे तपशील करार होण्याआधी पाठवू नका.

लहान मुलांसाठी कायदा आणखी कडक आहे. बालकलाकाराच्या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावी लागते. मुलाला रोल देतो म्हणणाऱ्याला आईवडिलांनी आधी या परवानगीबद्दल विचारावं. तो गडबडला, तर समजून जावं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. मेसेज, पावत्या, कॉल रेकॉर्ड डिलीट करू नका. लाजेपोटी गप्प बसलं, की तोच हॉल पुढच्या रविवारी दुसऱ्या तालुक्यात बुक होतो.