नेम आणि चिखल

आमचा नातू रोज संध्याकाळी मरतो. जेवणाआधी चारदा आणि जेवणानंतर दोनदा. सुरुवातीला मी दचकत असे. आतल्या खोलीतून "मेलो, मेलो!" ऐकू आले की माझा निम्मा चहा बशीत आणि निम्मा धोतरावर. पुढे कळले की हा मोबाइलवरचा बीजीएमआय नावाचा खेळ आहे. शंभर जण छत्रीने एका बेटावर उतरतात, सापडेल ती बंदूक उचलतात आणि एकमेकांना मारत सुटतात. चौघाचौघांच्या टोळ्या असतात. भोवतीचे वर्तुळ आकसत जाते आणि सगळ्यांना आत ढकलते. शेवटी जी टोळी उरते तिला कोंबडीचे जेवण मिळाल्याचे पडद्यावर जाहीर होते. ताटात अर्थात मेथीच असते.

"आबा, माझा नेमच कच्चा आहे," परवा तो कुरकुरला. "हेडशॉट बसतच नाही."

"हेडशॉटचं म्हणशील तर जहांगीर बादशहाने..." मी सुरुवात केली. सौ.ने टीव्हीचा आवाज वाढवला. चाळीस वर्षांच्या अनुभवाने तिला पुढचे दिसत असते.

पण खरेच सांगतो, सुमारे १६१६ साली अबुल हसन या चित्रकाराने जहांगीरचे एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावरच्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. नेम अगदी अचूक. अडचण एवढीच, की ते मुंडके त्या वेळी दक्षिणेत अंबरच्या धडावर सुखरूप होते आणि पुढे आणखी दहा वर्षे राहिले. रणात जमले नाही म्हणून बादशहाने कागदावर हिशेब चुकता केला. आमचा नातू मोबाइलवर करतो तेच.

हा अंबर मूळचा हबशी देशातला. गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दक्षिणेत आला आणि अखेर आमच्या नगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ साली मोगल आणि आदिलशहा एक होऊन त्याच्यावर उठले. दोन टोळ्या मिळून एका टोळीवर, म्हणा ना! अंबर तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होता. त्या वयात मला मोजे घालायला भिंतीचा आधार लागतो.

"मग म्हातारा दारामागे लपला असेल," नातू म्हणाला. म्हणजे ऐकत होता!

लपला नाही. विजापूरची फौज मोगलांना भेटायला बुऱ्हाणपुराकडे गेली. घर रिकामे पडलेले पाहून अंबर उलटा थेट विजापूरवर गेला आणि त्याने शहराला वेढा घातला. ती फौज मोगलांना घेऊन धापा टाकत परतली, तर हा वेढा उठवून नगरकडे निघून आलेला. शत्रू दमून मागे मागे. नगरपासून दहाएक मैलांवरच्या भातवडीला, म्हणजे आजच्या भातोडीला, तो थांबला आणि तिथल्या तलावाचे पाणी त्याने शत्रूच्या वाटेवर सोडले. सगळा चिखल. जड तोफा, हत्ती, तंबू, सगळे रुतले. मग रसद तोडली, रात्री छापे घातले. उपाशी शिपाई एकेक करून अंबरच्याच छावणीत जेवायला जाऊ लागले.

"म्हणजे त्याने वर्तुळच स्वतः काढलं!" नातू ओरडला.

इतक्या वर्षांच्या माझ्या व्याख्यानांत भातवडीचे सार इतक्या कमी शब्दांत मला सांगता आले नव्हते. शत्रू पुरता खचल्यावर मग अंबर तुटून पडला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, मोगलांचे कितीतरी सरदार कैद झाले. अंबरच्या फौजेत हबशी होते, दक्खनी मुसलमान होते, मराठे होते. कुणी रसद कापली, कुणी छापे घातले, कुणी समोरून अंगावर घेतले. सगळेच बंदूक घेऊन पुढे धावले असते तर चिखलात तेच रुतले असते.

"आमच्यात तेच होतं," नातू हळूच म्हणाला. "चौघेही पुढे पळतो. मग जिंकलो की कुणी किती मारले यावरून भांडतो. एक जण तर परवा टोळीच सोडून गेला."

येथे मला गप्प बसता आले असते, पण गप्प बसणे आमच्या घराण्यात नाही. मी म्हणालो, "भातवडीतही तेच झालं." त्या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला, पण पुढे वर्षभरातच मानपानाचे बिनसले आणि ते निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. १६२६ साली अंबर वारला. त्यानंतर दहा वर्षांत निजामशाहीही बुडाली. पाणी कुठे सोडायचे हे कळलेल्या म्हाताऱ्याला माणूस कसा धरून ठेवायचा, हे जमले नाही.

रविवारी नातवाला घेऊन भातोडीला गेलो. शहाजीराजांचे धाकटे बंधू, म्हणजे शिवाजीराजांचे चुलते, शरीफजी त्या लढाईत पडले. त्यांची समाधी तिथे आहे. नातू बराच वेळ उभा राहिला. खेळात गडी पडला, तर दुसरा गडी जवळ बसून त्याला उठवू शकतो.

"आबा, यांना उठवायला कुणी आलं नाही?"

मला उत्तर सुचले नाही. ही घटना सौ.ने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

परतताना गाडीत त्याने फोन काढला. मला वाटले, झाले, पुन्हा मरायला सुरुवात. पण तो कानाला लावून टोळी सोडलेल्या मित्राशी बोलत होता. "ये रे परत. तू मार, मी मागे थांबून औषधं सांभाळतो."

त्या संध्याकाळी तो फक्त तीनदा मेला. ताटात मेथीच होती.