परम आणि पामर

माणसाने तीन गोष्टी वारंवार बदलू नयेत, असे आमचे वडील सांगत : डॉक्टर, न्हावी आणि बँक. मी बँकेत लागल्यावर तिसऱ्याबद्दलचा त्यांचा आग्रह फारच वाढला. कंप्युटरच्या प्रोसेसरबद्दल मात्र ते काहीच सांगून गेले नाहीत, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

त्याचे असे झाले. सीईटीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि घरचा कंप्युटर तिसऱ्यांदा थिजला. "पप्पा, परत अडकायलंय!" मुलगी रडकुंडीला आली. धावतपळत नेट कॅफे गाठून अर्ज भरला. पण त्या रात्री तिने माझ्याकडे जसे पाहिले, तसे कॅश कमी आल्यावर मॅनेजरनेही कधी पाहिले नव्हते.

दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, प्रोसेसरची कंपनीच बदलून टाका." प्रोसेसर म्हणजे काही बल्ब नव्हे. एका कंपनीची चिप दुसरीच्या खाचेत बसत नाही. म्हणून मदरबोर्ड बदला. मदरबोर्ड बदलला की कधीकधी मेमरीही बदला. किल्ली हरवली म्हणून कुलूप, कुलपासाठी दार आणि दारासाठी भिंत!

आम्ही बी.कॉम.वाले निर्णयाआधी जुनी व्हाऊचरे काढून बघतो. मीही काढली. ती निघाली पुण्याची.

१९८०च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. सूत्रे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांकडे. १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्यात इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. एकटी चिप काही भीम नव्हे. पण पुष्कळ चिपा जोडून एकच काम सगळ्यांत वाटून द्यायचे, ही खरी युक्ती. ३१ मार्चला आमची शाखाही याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की चिपा मध्येच चहाला जात नाहीत.

पण ट्रान्सप्युटर आकडेमोडीत मागे पडू लागले. मग 'परम ८६००'मध्ये जोडीला इंटेलची आय-८६० चिप आली. १९९४ च्या 'परम ९०००'मध्ये सुपरस्पार्क, १९९८ च्या 'परम १००००'मध्ये अल्ट्रास्पार्क. त्याचा वेग सेकंदाला दहा हजार कोटी आकडेमोडींचा! (आमच्या काउंटरवर सेकंद हे मापच नाही.) २००२ साली 'पद्म'मध्ये आयबीएमची पॉवर-४, २००८ साली 'युवा'मध्ये पुन्हा इंटेल, आणि २०२० साली 'सिद्धी'मध्ये एएमडी. मुंबईत भाडेकरू इतक्या खोल्या बदलत नाही!

म्हणजे मीही बदलायला मोकळा? हिशेब इतका सोपा नव्हता. पुणेकरांनी चिपा बदलल्या, पण काम वाटून घेण्याची युक्ती सोडली नाही. आणि जुनी चिप कुठे कमी पडते, ते मोजून त्यांनी दुसरी घेतली. मी काय मोजले होते? फक्त मुलीचा रुसवा आणि माझा संताप. आमच्या चिपेवर आरोप होता, पुरावा नव्हता. बँकेत तर चौकशीवाचून शिपायालाही मेमो देत नाहीत.

म्हणून रविवारी चौकशी मांडली. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. पहिली काढून ठेवली. दिवसभर कंप्युटर चालला. ती लावून दुसरी काढली. अर्ध्या तासात थिजला. त्याच पट्टीला दुसऱ्या खाचेत बसवले, तिथेही तेच. गुन्हेगार सापडला! पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ चढला होता. मुलीच्या कंपासपेटीतले खोडरबर घेऊन ते हलक्या हाताने घासले, पुसले, बसवले. बँकेत खोडाखोड म्हणजे गुन्हा; इथे खोडरबरानेच खाते जुळले.

पुढे प्रवेशाच्या फेरीचा अर्ज मुलीने त्याच कंप्युटरवर भरला. मी मागे श्वास रोखून उभा होतो. शेवटचे बटण दाबून तिने वळून पाहिले.

"पप्पा, झालं. आता श्वास घ्या की!"