रायगडाचा बांधणारा : सेवक की मक्तेदार?

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाची एक पायरी आहे. तिच्यावर कोरले आहे की 'सेवेचे ठायी तत्पर' असा एक हिरोजी होता. पुढचे आडनाव कोणी 'इटळकर' वाचतो, तर परंपरेने ते 'इंदुलकर' असे रूढ केले आहे. महाड आणि पोलादपूरच्या परिसरात या पायरीची कथा ठाऊक नसलेला माणूस विरळाच. महाराज आग्र्यास गेले असता गडाच्या कामास पैसा अपुरा पडला, तेव्हा हिरोजीने राहता वाडा व जमीन विकून काम पुरे केले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. पुढे महाराजांनी बक्षीस विचारले असता त्याने एवढेच मागितले, की देवदर्शनास जाताना महाराजांचे पाय लागतील अशा पायरीवर आपले नाव असावे.

कथा सुंदर आहे, आणि तिच्या सौंदर्यामुळेच ती आपण क्वचित तपासून पाहतो. राज्याच्या लष्करी बांधकामाचा खर्च कोण उचलतो, असा प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे. काम सरकारचे, रोख रक्कम मागाहून मिळणार, आणि मजुरांचे हप्ते मात्र आजच चुकते करायचे, ही कोणत्याही काळातील ठेकेदाराची कोंडी होय. लोककथेने या कोंडीला भक्तीचे रूप दिले. विकलेल्या वाड्याची भरपाई झाली की नाही, हे विचारण्याची सोयच तिने ठेवली नाही.

कागद मात्र निराळे बोलतात. आग्र्याचे प्रकरण १६६६ चे. गडकोटांच्या बांधकामासाठी केलेल्या तरतुदीची जी यादी आपणांस उपलब्ध आहे, ती १६७१-७२ ची. तिची एकूण रक्कम १,७५,००० होन. त्यांतले ५०,००० एकट्या रायगडास. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर आणि राजगड यांस प्रत्येकी १०,०००, म्हणजे सातही मिळून ७०,०००. पुढे ५,००० च्या आठ नोंदी आहेत, आणि खाली उतरत मनोहरगडास अवघे १,०००. किरकोळ खर्चास ७,००० राखून ठेवलेले. बेरीज बिनचूक जुळते. ज्या राज्यात अशी यादी होते आणि बारा महालांत 'इमारत' हा एक महाल असतो, तेथे राजधानीचे बांधकाम एका माणसाच्या वाड्यावर अवलंबून राहिले असेल, हे मान्य करणे आम्हांस कठीण जाते. तात्पुरती टंचाई आली नसेलच असे मात्र कोण म्हणेल?

मग हिरोजीला मक्तेदार म्हणावे काय? पुढील काळातील 'ठेका' या शब्दात निविदा, दर, मुदत आणि नफा हे सारे गृहीत असते. तो अर्थ सतराव्या शतकावर लादणे घाईचे होईल. पण त्याला केवळ सेवक म्हणण्यातही मोठी गोष्ट निसटते, आणि ती म्हणजे त्याचे ज्ञान. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जो भाग आहे, त्यात आधी पाणी पाहावे, मगच गड बांधावा, पाणी नसून जागा आवश्यकच असेल तर खडक फोडून वर्षभराचे पाणी पुरेल अशी टाकी करावी, एका झऱ्यावर विसंबू नये, असे सांगितले आहे. हे एका शतकाच्या अनुभवाचे सार दिसते. खडक फोडताना निघालेला दगड तटास आणि इमारतीस लागतो, हे गणित गवंड्यास आधी सुचलेले असणार, अमात्यास नंतर. त्याच ग्रंथात आंबा व फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती जबरीने तोडू नयेत, जीर्ण झाड मालकाच्या संमतीने मोल देऊनच घ्यावे, असेही आहे. तो आदेश आरमाराच्या संदर्भातला खरा, पण सरकारी कामासाठी माल मिळवण्याचे दोन मार्ग तेव्हाही होते आणि त्यांतला एक त्याज्य ठरवावा लागत होता, इतके त्यातून कळते.

भूगोलही लक्षात घ्यावा. जड माल बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पाण्याने महाडपर्यंत येऊ शके. पुढचे सारे माणसाच्या खांद्यावर आणि जनावरांच्या पाठीवर. कोकणच्या पावसात महिनोन् महिने बांधकाम थांबणारच. पाथरवट, बेलदार, सुतार, लोहार, चुना भाजणारे अशा कितीतरी माणसांनी हा डोंगर चढला. त्यांतल्या एकाचेही नाव पायरीवर नाही. पोलादपूरच्या माथ्यावरील प्रतापगडाचीही तीच कथा : १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर तो मोरोपंत पिंगळ्यांनी बांधविला, असे इतिहास सांगतो. 'बांधविला' या प्रयोजक क्रियापदात हातोडीवाला दिसत नाही.

येथे जोतीराव फुले आठवतात. १८६९ साली शिवाजीचा पोवाडा छापणारे जोतीराव स्वतः सरकारी कामांचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा त्या नात्याने संबंध आला. बांधकाम खात्यात मजुरांस कसे नाडले जाते, हे त्यांनी जवळून पाहिले होते आणि त्यावर लिहिलेही. आमच्या वाङ्मयेतिहासात मात्र पोवाडाकार जोतीराव एका प्रकरणात आणि ठेकेदार जोतीराव चरित्राच्या तळटीपेत असतात. गडाची स्तुती आणि गडाचा हिशेब एकाच माणसाला ठाऊक असू शकतो, ही शक्यता आपण वर्गात मांडत नाही.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आणि आगीने गडावरच्या लाकडी इमारती गेल्या. जोती, टाकी आणि दगडी कामे उरली, म्हणजे नेमका पाथरवटाचा वाटा. २०२५ च्या जुलैमध्ये रायगड आणि प्रतापगड जागतिक वारशाच्या यादीत आले, ते या उरलेल्या दगडासह.

जगदीश्वराच्या देवळातला संस्कृत शिलालेख पायरीहून मोठा आहे आणि त्यावर शके १५९६, आनंद संवत्सर, म्हणजे राज्याभिषेकाचे वर्ष आहे. विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाला आणि राजगृहे यांची त्यात गणना येते. विभक्ती नीट पाहिल्या तर राजा षष्ठीत आहे : काम त्याच्या अनुज्ञेने झाले. कर्ता तृतीयेत आहे, आणि तो हिराजी आहे. 'सेवा' हा शब्द तेथे नाही. तो पायरीवर आहे.