कोतिक्यूल : वस्तऱ्याच्या अखेरच्या धारेचा दगड

कोतिक्यूल हा बेल्जियममधील आर्डेनच्या डोंगराळ भागात मिळणारा, फिकट पिवळ्या रंगाचा, अतिशय बारीक कणांचा नैसर्गिक धारेचा दगड आहे. वीलसाल्म, साल्मशातो आणि लिएर्नो या गावांच्या परिसरात त्याचे थर आढळतात. मुठीत मिटणाऱ्या जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याला दाढीयोग्य अखेरची धार देण्यासाठी तो जगभर नावाजला गेला. सुतारांच्या पटाश्या आणि शल्यवैद्यांची हत्यारेही त्यावर घासली जात.

या दगडाचा जन्म सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशी झाला. मँगनीजयुक्त बारीक गाळ तिथे साचला आणि पुढे भूकवचाच्या दाबाने व उष्णतेने त्याचे रूपांतर झाले. त्यातून स्पेसार्टीन जातीच्या गार्नेटचे असंख्य स्फटिक तयार झाले. अभ्रकाच्या मऊ पिठात रुतून बसलेल्या या स्फटिकांचा आकार साधारण ५ ते १५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असतो. गार्नेट पोलादावर सहज चालण्याइतका कठीण असतो. त्याचे स्फटिक बहुपृष्ठीय, जवळजवळ गोलसर असल्यामुळे पोलादावर खोल ओरखडे न पडता उथळ चरे पडतात. या खडकाच्या खनिजरचनेवर बेल्जियन भूवैज्ञानिक आल्फोन्स रनार यांनी १८७७ मध्ये सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीत मिळालेल्या समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करणारे रनार ते हेच.

पिवळा थर काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटर जाडीचा असतो आणि निळसर-जांभळ्या पाटीच्या दगडात चिकटलेला मिळतो. हा निळा दगडही धारेच्या कामाचा आहे, पण त्यात गार्नेटचे प्रमाण कमी असल्याने तो सावकाश कापतो. पिवळा आणि निळा नैसर्गिकरीत्या जोडलेला तुकडा मिळाला तर त्याला मान जास्त. एरवी पातळ, ठिसूळ पिवळ्या पट्टीला आधार म्हणून पाटीचा तुकडा मागून चिकटवतात. थर उभे-तिरके वळलेले असल्यामुळे खाणकामगारांना भुयारे खोदून त्यांचा माग काढावा लागे. प्रत्येक थराला त्यांनी वेगळे नाव दिले होते; ‘ला व्हेनेत’ आणि ‘ला ग्रोस ब्लांश’ ही नावे जाणकारांच्या तोंडी आजही आहेत. साल्मशातोमध्ये या धंद्याचे संग्रहालय आहे. काटकोनात न बसणारे वेडेवाकडे तुकडेही टाकून दिले जात नाहीत. ते स्वस्तात विकले जातात आणि धारेला चौकोनी दगडाच्या तोडीचेच असतात.

अशा दगडांची परंपरा फार जुनी आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात धारेच्या दगडांची वर्गवारी केली, ती ते कशाने ओले करतात यावरून: काही तेलाने, काही पाण्याने. न्हाव्यांच्या दुकानातले दगड थुंकीने ओले करतात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. वस्तऱ्यासाठी पुढे जर्मनीत थुरिंगियाच्या झोनेबर्ग भागातील पाटीचे दगड प्रसिद्ध झाले आणि तिथल्या ‘एशर’ कंपनीचा शिक्का असलेले नग संग्राहक आजही शोधत असतात. इंग्लंडच्या लेस्टरशरमधला चार्नली फॉरेस्ट आणि अमेरिकेतील आर्कान्सॉचा पांढरा व काळा नोव्हाक्युलाइट ही आणखी दोन नावे. जपानमध्ये क्योतोजवळच्या नाकायामासारख्या खाणींतील दगडांना वस्तऱ्यासाठी सर्वोच्च मानतात. त्यांच्यावर नागुरा नावाचा छोटा दगड घासून काम सुरू करतात.

कारखान्यात बनलेल्या दगडांवर कणांची बारीकी सांगणारे १०००, ४०००, ८००० असे आकडे छापलेले असतात. कोतिक्यूलला असा एकच आकडा चिकटवणे चुकीचे आहे, कारण तो पाण्याच्या प्रमाणानुसार आपले काम बदलतो. त्याचे सगळे महत्त्व या एका गुणात आहे.

वापरण्याआधी दगड सपाट असल्याची खात्री करावी लागते. जाड काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवायचा, दगडावर पेन्सिलीने चौकडी आखायची आणि त्या कागदावर दगड घासायचा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर दगड सपाट. मधल्याच रेघा उरल्या तर तिथे खळगा आहे. आधी २२० नंबरचा, मग ४०० आणि ६०० नंबरचा कागद वापरतात. कडा टोकदार ठेवायच्या नाहीत, त्या किंचित गोल कराव्यात, नाहीतर वस्तऱ्याच्या धारेला दाते पडतात. दगड पाण्यात भिजत घालण्याची गरज नसते. पाटी मागून चिकटवलेली असेल तर फार वेळ भिजवल्याने जोड सुटण्याची भीती असते. वर थोडे पाणी शिंपडले की पुरते.

वस्तऱ्याची रचना इथे मदतीला येते. त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की कोन आपोआप ठरतो. तो बहुधा १६ अंशांच्या आसपास असतो आणि हाताने धरून ठेवावा लागत नाही. फिरवताना धार पुढे, पाठ मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीच नाही. दगड पात्यापेक्षा अरुंद असेल तर तिरके ओढून मुठीकडच्या बाजूपासून टोकापर्यंत सगळी धार त्यावरून न्यायची. फिरत्या चाकावर सुऱ्या-कात्र्या लावणाऱ्या शिकलगाराच्या कामापेक्षा ही वेगळी विद्या आहे.

काम सुरू होते ते उगाळण्याने. कोतिक्यूलचाच एक लहान तुकडा ओल्या दगडावर घासला की काही क्षणांत दुधाळ, साईसारखा लेप तयार होतो. सहाणेवर गंध उगाळावे तसा. अभ्रकातून सुटलेले गार्नेट या लेपात तरंगत असतात आणि पोलाद झपाट्याने कापतात. दोन्ही बाजूंनी मागे-पुढे अर्धे फेरे घेत गेले की पांढरा लेप करडा आणि मग काळसर होतो. तो रंग कापल्या गेलेल्या पोलादाचा. हाताच्या कातडीलगतचे केस वस्तरा सगळ्या लांबीवर सहज कापू लागला म्हणजे धारेचे दोन्ही उतार एकमेकांना भिडले. हा टप्पा पक्का नसेल तर पुढे कितीही फेरे मारले तरी दाढी होणार नाही. नवशिक्यांची बहुतेक फसगत इथेच होते आणि दोष मात्र दगडाला दिला जातो.

दाट लेपाचा एक तोटा आहे. तरंगणारे कण धारेच्या नाजूक कडेवर आपटून ती बोथट करत राहतात, त्यामुळे लेपावर धार एका मर्यादेपलीकडे जात नाही. म्हणून पुढे दर काही फेऱ्यांनंतर बोटाने पाण्याचे एक-दोन थेंब टाकायचे. लेप पातळ होतो, कण विरळ होतात आणि कापण्याचा वेग मंदावतो. बारीक लक्ष ठेवणाऱ्याला इथे एक खूण दिसते: पात्यापुढे ढकलली जाणारी पाण्याची लाट हळूहळू धारेवरून वर चढू लागते. जिथे ती चढत नाही, तिथे धार अजून दगडाला नीट टेकलेली नाही. शेवटी दगड आणि वस्तरा दोन्ही स्वच्छ धुऊन फक्त पाण्यावर, जवळजवळ वजन न देता, ३० ते ५० फेरे घेतात. आता गार्नेट अभ्रकात घट्ट बसलेले असतात, त्यांचे माथे जेमतेम वर आलेले असतात आणि धार फक्त गुळगुळीत होते. लेप पातळ करण्याची घाई केली तर धार अर्धवट राहते. उपाय एकच: पुन्हा लेप करून मागच्या टप्प्यावर जायचे.

दगडानंतर कापडी आणि मग चामड्याचा पट्टा येतो. त्यावर वस्तरा उलट्या दिशेने, पाठ पुढे ठेवून ओढतात. कोतिक्यूलवरची धार सौम्य असल्याचे वापरणारे सांगतात. काही जपानी दगडांवरची धार अधिक तिखट मानली जाते. पण ज्याची कातडी नाजूक आहे, त्याच्यासाठी बेल्जियन दगडाची बाजू घ्यावी लागेल.

महाराष्ट्रात न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री आणि नराणीसोबत धारेचा दगड व चामड्याचा पट्टा असे, आणि खेड्यात अशा दगडाला निसणा म्हणत. एड्सच्या धास्तीनंतर सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालण्याचा वस्तरा आला. संसर्गाच्या दृष्टीने तो बदल योग्यच होता, पण धार लावण्याचे कसब त्याबरोबर दुकानांतून जवळजवळ गेले.

जुना कोतिक्यूल विकत घेताना मधला खळगा पाहून घाबरू नये. वर्षानुवर्षांच्या वापराने तो पडतोच आणि वॉटर पेपरवर निघून जातो. पिवळा थर किती शिल्लक आहे, हे मात्र बाजूने पाहावे. पूर्वीच्या मालकाने तेल वापरले असेल तर दगड काळपट दिसतो. साबणाच्या कोमट पाण्याने आणि सपाट करताना वरचा पातळ पापुद्रा निघाल्यावर त्याचा रंग बहुधा परत येतो. आडव्या भेगा असलेला नग टाळावा. धारेला काटकोनात जाणारी बारीक रेष बोटाच्या नखाला लागत नसेल, तर तिने कामात अडथळा येत नाही.