पायगाडी, कासोटा आणि दांडी : एका सागरतीरावरील सायकलफेरीच्या निमित्ताने

गेल्या हिवाळ्यात अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड येथील आम्ही चौदा स्त्रियांनी उपनगराचा सागरतीर सायकलींवरून पाहिला. वेसाव्याहून होडीने मढ, तेथून एरंगळ व आक्सा ही गावे मागे टाकून मार्वे, पुन्हा होडीने मनोरी, आणि पुढे गोराई-उत्तनवरून भाईंदर, असा तो मार्ग. त्यात दोन खाड्या आडव्या येतात व दोन्ही ठिकाणी सायकली होडीत चढवाव्या लागतात. मार्वेच्या धक्क्यावर रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका वृद्ध कोळिणीने आम्हांस विचारले, की इतक्या जणी मिळून निघाला आहात, ते विकावयास काय नेता? काहीच नाही, हे उत्तर ऐकून तिला आश्चर्य वाटले. प्रस्तुत टिपणाचा उगम तिच्या त्या प्रश्नात आहे.

स्त्रियांनी सायकल उशिरा हाती घेतली, याचे कारण सामान्यतः पोशाखात शोधले जाते. हे स्पष्टीकरण मूळचे इंग्लंडमधील, आणि तेथे ते बऱ्याच अंशी यथार्थही आहे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल सिद्ध केली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. परंतु आसन व हँडल यांना जोडणाऱ्या आडव्या दांडीवरून पाय टाकणे घोळदार झग्यात अशक्यप्राय होते. म्हणून दांडी खाली उतरवलेली निराळी सायकल स्त्रियांसाठी निघाली. ज्यांनी सायकल न बदलता वस्त्र बदलले, त्यांच्या वाट्यास उपहास आला. लेडी हार्बर्टन या बाईंना १८९८ मध्ये सरे परगण्यातील एका खाणावळीने, त्या विजारवजा पोशाखात होत्या एवढ्याचसाठी, मुख्य दालनात बसू दिले नाही. आणि पुढील वर्षी न्यायालयाने खाणावळीच्या बाजूने निकाल दिला.

हेच कारण महाराष्ट्रास लावून पाहिले असता मात्र ते टिकत नाही. आपल्याकडील नऊवारी लुगडे सकच्छ, म्हणजे कासोटा घालून नेसावयाचे. त्यात दोन्ही पाय मोकळे राहतात. वस्त्रापुरतेच बोलावयाचे, तर १८९० मधील मराठी स्त्री ही तिच्या इंग्रज समकालीन भगिनीपेक्षा सायकलीस अधिक सिद्ध होती. आमच्यातील एकीने मुद्दाम नऊवारी नेसले होते. दांडीवरून पाय टाकताना तिला काही अडचण पडली नाही. पदर तेवढा कमरेला घट्ट खोचावा लागला, जसा कोळिणी नित्य खोचतात. शहरांतील सुशिक्षित स्त्रिया कासोटा सोडून गोल पाचवारीकडे वळल्या त्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे सायकल येथे रुळल्यानंतर. इंग्रजी झग्यासाठी घडलेली सायकल आधी आली आणि तिला साजेसे वस्त्र आपण मागाहून नेसलो, असा हा उलटा क्रम आहे. निऱ्या आऱ्यांत अडकू नयेत म्हणून मागच्या चाकास जाळी बसवण्याची पाळी त्यानंतरची.

भाषेची साक्षही येथे काढण्याजोगी आहे. 'पायगाडी' व 'दुचाकी' हे आपले शब्द, 'बायसिकल' परका, आणि तिचा आखूड झालेला अवतार 'सायकल'. चारही स्त्रीलिंगी. (पेडलचे 'पायडल' करून लोकांनी त्यात आपला 'पाय' घातला, हे कोणाही व्युत्पत्तिकारास सुचले नसते.) परंतु नुसते 'सायकल' म्हटले की पुरुषांची सायकल समजावयाची, स्त्रियांची असेल तर 'लेडीज' हे विशेषण लावावे लागे. सायकलीवर 'टांग मारणे' हा वाक्प्रयोगही पुरुषाविषयीच कानी पडतो. स्त्री 'डबलसीट' बसे. शब्दांवरून समाजाचा इतिहास थेट वाचता येतो असे मी मानीत नाही. तथापि कोणाची सायकल ही निर्विशेष आणि कोणाची सविशेष, एवढे ते निःसंशय सांगतात.

मग खरी अडचण कोणती? माझ्या मते ती मालकीची आणि प्रयोजनाची. किर्लोस्कर उद्योगाचे मूळ बेळगावातील सायकलींच्या दुकानात आहे. १८८८ हे त्याचे आरंभवर्ष मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईस तंत्रशाळेत शिक्षक असताना तेथून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या विकून गिऱ्हाइकांस शुल्क घेऊन चालवावयास शिकवीत. सायकल तेव्हा श्रीमंताची वस्तू होती. पुढे ती स्वस्त झाली तरी घरात एकच आली, आणि ती कचेरीस किंवा गिरणीत जाणाऱ्याची ठरली. याच घराण्याने १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढले. त्याने मराठी स्त्रीच्या विचारांस जी गती दिली, ती सर्वश्रुतच आहे. चाके मात्र तिच्या स्वतःच्या नावावर सहसा आली नाहीत.

मालकीचा प्रश्न सुटला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात मिळते. १९९१ मध्ये तेथील साक्षरता-चळवळीने स्त्रियांना सायकल शिकवण्यास आरंभ केला; जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बँकांकडून त्यासाठी कर्जे मिळवून दिली. १९९२ च्या जागतिक महिलादिनी दीड हजारांहून अधिक स्त्रिया सायकलींवरून एकत्र निघाल्या. पी. साईनाथ यांनी टिपलेला एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. 'लेडीज' सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा काही बायकांनी पुरुषांचीच सायकल पसंत केली. कारण तिच्या दांडीवर मूल बसवता येते. जी दांडी स्त्रीची अडचण म्हणून इंग्लंडात काढून टाकली गेली, तिचा येथे उपयोग निघाला. त्या स्त्रियांना पाणी आणावयाचे होते, माल बाजारात न्यावयाचा होता, कामावर पोहोचावयाचे होते.

आमच्या सुधारणेच्या इतिहासात घराबाहेर पडलेली स्त्री म्हणून जिची नोंद होते, ती बहुधा शाळेत वा सभेस गेलेली असते. वेसावे, मढ व मनोरी येथील कोळिणी पाट्या डोक्यावर घेऊन, घोळक्याने, खाडी ओलांडून बाजार गाठीत आल्या आहेत. परंतु त्यांच्या या जाण्यायेण्यास स्वातंत्र्य म्हणावे असे कोणा लेखकास फारसे सुचले नाही. हा दोष आम्हां अभ्यासकांचा आहे. मार्वेच्या त्या वृद्धेने होडी लागेपर्यंत आणखी थोडे सांगितले. सायकल तिच्या घरात होती, परंतु ती धन्याची. तो तिच्यावर बसून पुढे जाई, आणि ही पाटी घेऊन मागून धक्क्यापर्यंत चालत येई.