भांग-चुन्याच्या लेपाची कुळकथा

वेरूळच्या बाराव्या लेण्यातल्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा मातीत भांगेच्या झाडाचे तुकडे मिळाले. पुरातत्त्व खात्यातले रसायनज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचा हा अभ्यास २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. भांगेचं प्रमाण साधारण दहा टक्के होतं. युरोपात जुन्या भरीव भिंतींना ऊब यावी म्हणून हल्ली भांग-चुन्याचा जाड लेप देतात. त्याचा मूळ पुरुष आपल्याकडेच सापडला, असं म्हणायचा मोह मग होणारच. पण चेहरा जुळला म्हणून कूळ जुळतंच असं नाही.

वेरूळच्या कारागिरांनी चित्रांखालची माती तडकू नये, भिंतीला धरून राहावी म्हणून झाडाचे तंतू घातले. भात्याण, शेण, तूस हीच कामं करतात. भांगेचा जादा गुण म्हणजे तिला कीड सहसा लागत नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही आणि तिथे किड्यांनी चित्रांचं बरंच नुकसान केलं, असं याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. डोंगराच्या पोटातल्या लेण्याला थंडीपासून वाचवण्याचा प्रश्न मात्र तिथे नव्हता.

युरोपातला हा लेप मूळचा फ्रान्समधला, आणि त्याचं कूळ सिमेंटपासून सुरू होतं. इंग्लंडमधल्या लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं. पुढे ते स्वस्त झालं, चटकन घट्ट होतं म्हणून आवडलं, आणि विसाव्या शतकात डागडुजीच्या नावाखाली जुन्या घरांवरही चढलं. जुन्या भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि चुन्यामातीतून वाळून जातं. वरून सिमेंट थापलं की ही वाट बुजते. ओल आतच मुरते, लोणा लागतो, पोपडे सुटतात. फ्रान्सच्या शांपेन भागातल्या घरांत तर लाकडी चौकटी आणि मधे मातीचा भराव. तिथे लाकूडच कुजायला लागलं. आपल्या वाड्यांच्या भिंतीत दडलेले खांब, तुळया आठवल्या तर हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

याच भागात भांगेची शेती होती. फ्रान्समध्ये ती कधी पुरती थांबलीच नाही. सोपट कागदाच्या कारखान्यात जायचं आणि आतली हलकी काडी उरायची. ती घोड्यांच्या पागेत अंथरायला विकत. १९८०च्या दशकात शार्ल रासेती या कारागिराने नोजां-सुर-सेन गावातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीत ही काडी चुन्यात कालवून चौकटींच्या मधे भरली. काडीच्या पोकळीत हवा कोंडलेली राहते, ती ऊब धरते. चुना ओलीला वाट देतो. भार पेलायची ताकद या मिश्रणात नाही, पण तो भार लाकूड पेलतच होतं. वाळायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. सिमेंटच्या घाईला सरावलेल्या माणसाची इथे परीक्षा असते. मला या सगळ्यात आवडतो तो पागेतला कचरा. शोध लागला तो शेजारच्या शेतात काय उरतं हे पाहून.

वेरूळ आणि नोजां यांच्यामधे ना कुणा गुरूची परंपरा, ना प्रवासी कारागीर. दोन वेगळ्या गरजांनी एकाच झाडाला हात घातला, इतकंच नातं. आपल्या बाजूला अभिमानासारखं आहे ते वेगळंच: वेरूळचा गिलावा हजाराहून जास्त पावसाळे टिकला.

ज्या दशकात फ्रान्समध्ये हे मिश्रण जन्मलं, त्याच दशकात, १९८५ साली, आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमात तंतू आणि बियांसाठी भांगेच्या लागवडीला सरकारने परवानगी देण्याची सोय आहे. उत्तराखंडाने त्या वाटेने जाऊन परवाने दिले, आणि तिथे भांग-चुन्याचं बांधकामही झालं. इकडे वाड्याची भिंत नव्याने करायची तर सिमेंटचा थर आधी भिंत न दुखावता खरवडायचा, एखादा उन्हाळा ती उघडी वाळू द्यायची आणि मग विरवलेल्या चुन्यात भांगेच्या जागी तागाचे तुकडे घालून गिलावा करायचा. भिंत त्याने बरी होते. फ्रेंच काडीइतकी ऊब ताग देत नाही. पुण्यानाशकाच्या थंडीला तेवढी लागतही नाही.