मेरिंग व बटरक्रीम : वटार आणि वसईचा किनारी पट्टा

अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून मंद आचेवर सुकवला की जो हलका, कुरकुरीत गोड पदार्थ होतो तो मेरिंग. लोणी आणि साखर फेटून केलेले मऊ सारण ते बटरक्रीम. ते केकच्या थरांमध्ये भरतात आणि वरूनही लिंपतात. दोन्ही पदार्थ हवेवर उभे असतात. एकात ती पांढऱ्याने धरलेली असते, दुसऱ्यात लोण्याने. वटार हे वसई तालुक्यातले, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला समुद्राजवळच्या बागायती पट्ट्यातले गाव. राजोडी, नंदाखाल, आगाशी ही आजूबाजूची गावे. या पट्ट्यातली हवा वर्षाचे आठ-नऊ महिने दमट असते. थंड, कोरड्या मुलखातली पाककृती इथे जशीच्या तशी उतरत नाही, आणि म्हणून या नोंदीत साखरेच्या मापाइतकीच वाऱ्याचीही दखल घ्यावी लागते.

अंड्याच्या पांढऱ्याची मिठाई उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांना नवी नाही. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. प्रार्थना आणि घरची बोली मराठी वळणाचीच राहिली. सणाच्या ताटात मात्र करंज्यांच्या शेजारी कुलकुल, मिल्क क्रीम आणि मार्झिपॅन आले. मार्झिपॅनसाठी बदाम, आणि बदाम परवडत नसतील तेव्हा काजू, वाटून साखर, गुलाबपाणी व अंड्याच्या पांढऱ्याबरोबर गोळा होईपर्यंत आटवतात. ईस्टरच्या मार्झिपॅनच्या अंड्यांवर जी पांढरी नक्षी असते, तीही पिठीसाखर आणि पांढरा फेटून केलेली. थाळी स्वीटमध्ये रवा, खोबरे व बदामाच्या मिश्रणात फेटलेला पांढरा अलगद मिसळतात आणि थाळीतच भाजतात. मेरिंग त्याच कुळातले. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘सुस्पिरु’ म्हणतात, म्हणजे सुस्कारा. इतके नेमके नाव दुसऱ्या कुठल्या मिठाईला मिळाले असेल असे वाटत नाही. ‘मेरिंग’ हे नाव १६९२ साली फ्रान्समध्ये मासियालो या आचाऱ्याच्या पुस्तकात छापलेले आढळते. ते स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेन गावावरून आले ही लोकप्रिय कथा आहे. तिला पुरावा नाही.

अंड्याचा पांढरा म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेली बहुतेक प्रथिने. फेटताना या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकींना धरतात, आणि मूळ पांढऱ्याच्या सात-आठ पट फेस होतो. बलकाचा एक थेंब किंवा भांड्याला राहिलेला तेलाचा ओशटपणा ही पकड सोडवतो. म्हणून प्लॅस्टिकचे भांडे टाळावे, ते कितीही घासले तरी तेलकटपणा धरून ठेवते. स्टीलचे पातेले लिंबाच्या फोडीने पुसून घ्यावे. लिंबाचा आंबटपणा फेसालाही टिकवतो. अंडे फोडायचे ते थंड असताना, कारण तेव्हा बलक सहसा फुटत नाही. फेटायचे मात्र पांढरा खोलीच्या उबेला आल्यावर.

साखरेचे माप सोपे आहे: एका अंड्याच्या पांढऱ्याला, म्हणजे साधारण ३० ग्रॅमला, ५० ते ६० ग्रॅम साखर. चूक होते ती साखरेच्या दाण्यात. आपल्या वाण्याकडची साखर जाड असते. ती मिक्सरमधून एकदा फिरवून रव्याएवढी करावी, अगदी पीठ करू नये. फेस पांढरा होऊन पात्याच्या खुणा उमटू लागल्या की चमच्या-चमच्याने घालावी. तयार झाले की नाही हे बोटांनी कळते. मिश्रण अंगठा आणि तर्जनीत चोळले आणि कण लागला, तर साखर विरघळलेली नाही. तसेच भाजले तर मेरिंगला खालून चिकट थेंब सुटतात. कण लागत नाही, पाते वर उचलले की टोक ताठ उभे राहते आणि पातेले उपडे केले तरी काही हलत नाही, तेव्हा ते तयार.

ही झाली फ्रेंच रीत. स्विस रीतीत पांढरा आणि साखर उकळत्या पाण्यावर धरून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करतात आणि मग फेटतात. इटालियन रीतीत फेटलेल्या पांढऱ्यावर साखरेचा उकळता पाक धारेने ओततात. हा पाक ११५ ते ११८ अंशांचा लागतो आणि त्यासाठी तापमापक हवा असे पुस्तके सांगतात. मराठी स्वयंपाकघरात हाच पाक गोळीबंद पाक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे: वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकावा, बोटांत त्याची मऊ गोळी वळली की भांडे उतरवावे. एकतारीवर उतरवला तर मेरिंग सैल पडते. ज्या हाताला पाक कळतो त्याला इटालियन मेरिंग अवघड नाही, हे ठासून सांगण्यासारखे आहे. नवशिक्या मुली-सुना या रीतीला उगीच घाबरतात.

मेरिंग खरे म्हणजे भाजत नाहीत, वाळवतात. ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास, आणि मग ओव्हन बंद करून आतच निवू द्यायचे. वसईच्या पट्ट्यात याची वेळ वाऱ्यावर ठरवावी. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो कोरडा असतो. दुपारी खारा वारा फिरतो आणि समुद्रावरचा दमटपणा घरात आणतो. साखर हवेतले पाणी ओढते, आणि मेरिंग तर नुसती साखरेची जाळी. खाऱ्या वाऱ्यात ताट उघडे राहिले तर थोड्याच वेळात कुरकुरीतपणा जाऊन ते दाताला चिकटू लागते. म्हणून जेवणे आटोपल्यावर ताटे ओव्हनमध्ये सरकवावीत, रात्रभर आत राहू द्यावीत आणि सकाळी वारा फिरायच्या आत डब्यात भरावीत. कागदावरून सहज सुटले आणि खालच्या बाजूला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की वाळले असे समजावे. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात थंडीत ते दोन आठवडे सहज राहते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात जाते. त्या दिवसांत मेरिंगच्या वाटेला जाऊ नये. केलेच तर त्याच दिवशी संपवावे. नाताळ डिसेंबरात येतो हे या मिठाईचे भाग्य.

घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून केक भाजत. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळच्या आधी केकचे डबे पावाच्या भट्टीत देण्याचीही पद्धत होती. पाव निघाल्यानंतरची उतरती भट्टी मेरिंगला आजच्या ओव्हनपेक्षाही मानवेल, कारण आच आपोआप कमी होत जाते. आजच्या लहान ओटीजीची अडचण उलटी आहे: खुणेच्या सर्वांत खालच्या आकड्यावरही तो जास्त तापतो आणि मेरिंग पिवळे पडते. लाकडी चमचा अडकवून दार बोटभर उघडे ठेवले की आच उतरते आणि वाफही निघून जाते.

बटरक्रीमचा वैरी उष्मा. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि मार्च ते मे या पट्ट्यातल्या दुपारी पारा तिथवर सहज पोहोचतो. म्हणूनच जुन्या बेकऱ्यांच्या केकवरची गुलाबी फुले बहुधा वनस्पती तुपाची असत. ती उन्हात टिकत, पण टाळूला चिकटून बसत. पुढे बिनदुधाचे फेटायचे क्रीम आले आणि बटरक्रीम जवळजवळ हद्दपार झाले. ते परत आणण्याचे श्रेय घरी केक करणाऱ्या बायकांना द्यायला हवे. वाढदिवस, पहिला कम्युनियन, लग्न यांच्या मागण्या त्या घरच्या ओट्यावर पुऱ्या करतात, आणि खऱ्या लोण्याची चव एकदा कळलेले गिऱ्हाईक दुसरे काही मागत नाही.

सर्वांत सोपे बटरक्रीम म्हणजे लोणी आणि त्याच्या दुप्पट पिठीसाखर. गोडीने ते जड होते. इथल्या हवेला आणि जिभेला स्विस मेरिंगवर केलेले बरे. चार अंड्यांचा पांढरा, २५० ग्रॅम साखर आणि ३७५ ग्रॅम बिनमिठाचे लोणी. गरम करून फेटलेले मेरिंग पूर्ण निवाल्यावरच लोण्याचे तुकडे एकेक करून घालायचे. मिश्रण मध्येच फाटल्यासारखे दिसते, दाणेदार पाणी सुटते, आणि इथेच अनेकजणी ते टाकून देतात. टाकू नये. ते फाटले म्हणजे बहुधा लोणी फार थंड होते. फेटत राहिले की एकजीव होते. उलट ताकासारखे पातळ झाले तर पातेले दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा फेटावे. घरच्या विरजणाचे लोणी वापरायचे असेल तर ते थंड पाण्यात तीनदा धुऊन फडक्यात दाबून पाणी काढावे, नाहीतर आंबूस वास मागे राहतो. कच्च्या पांढऱ्यात रोगजंतूंचा धोका असतो. ७१ अंशांपर्यंत नेलेला पांढरा सुरक्षित.

पांढरे वापरले की वाटीत बलक उरतात. गोव्यात हा हिशेब उलटा: बेबिंका या मिठाईला बलकच बलक लागतात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात पांढरा जोगिणींच्या वस्त्रांना खळ द्यायला जाई आणि उरलेल्या बलकांतून बेबिंका जन्मली, असे सांगतात. मेरिंगच्या घरी बलकांचे फ्रेंच बटरक्रीम करावे. त्यात हाच गोळीबंद पाक फेटलेल्या बलकांवर ओततात; सारण पिवळसर, दाट आणि जास्त रुचकर होते, पण उष्म्यात लवकर सैल पडते.

दोन्ही पदार्थ एकत्र येतात तो सर्वांत सुंदर केक फिलिपिन्सचा ‘सान रिव्हाल’: काजूचा भरडा घातलेल्या मेरिंगच्या पातळ चकत्या आणि मध्ये बलकांचे बटरक्रीम. कोकणात काजू घरचा, त्यामुळे हा केक आपल्याकडे रुजायला हवा. पाव्हलोव्हा हे फळांनी भरलेले मेरिंग रशियन नर्तिका आना पाव्हलोव्हा हिच्या नावाचे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड त्याच्या मानासाठी अजून भांडतात. ती स्वतः १९२२-२३च्या दौऱ्यात मुंबईतही नाचून गेली होती. त्यावर आंबट फळ हवे. चिकू गोडावर गोड होतो. मेमधली करवंदे उत्तम, पण तेव्हा हवा दमट, म्हणून भरल्या भरल्या खावे. वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, बारीक चिरून बटरक्रीममध्ये मिसळली तर तिचा मधासारखा गंध लोण्यात उतरतो.

अंडे न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे शिजवलेले पाणी आटवून फेटतात. त्याचा असा फेस होतो हे २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवले. आटवलेले दोन मोठे चमचे पाणी म्हणजे एका अंड्याचा पांढरा असे धरतात. पाणी अंड्याच्या पांढऱ्याइतके बुळबुळीत होईपर्यंत आटवावे, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावे आणि लिंबाचे दोन थेंब घालून पंधरा मिनिटे तरी फेटावे. चण्यांत मीठ घातलेले नसावे. वाळायला याला अंड्यापेक्षा वेळ जास्त लागतो, आणि खारा वारा याला आधी गाठतो.